अंगातली हाक

आमचे गाव दिघी. पुण्याहून आळंदीला जाताना वाटेत लागते. एका अंगाला लष्कराची जागा, दुसऱ्या अंगाला भोसरीच्या कंपन्या. पूर्वी इथे ज्वारी-बाजरीची शेते होती. आता चाळी आणि इमारती आहेत. तरी जुन्या आळ्या आहेत, आणि वारीच्या दिवसांत माउलींची पालखी आमच्या गावावरून पुण्याला जाते.

संध्याकाळी आम्ही मोठ्या माणसांचा वाचनवर्ग घेतो. कोणी कंपनीतून सुटून येतो, कोणी घरच्या भाकरी थापून येते. एके दिवशी आरोग्याचा पाठ होता. ‘जंतूंमुळे रोग होतो’ असे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले. मागे बसलेल्या एका वहिनींनी ते वाचले आणि हात वर केला. त्यांचे मालक २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाने गेले.

“गुरुजी, एक इचारू का? जंतूनं माणूस आजारी पडतो म्हणता. आमच्या मालकांना आठ दिवस झाले, ताप उतरला. दवाखान्यात म्हणले, जंतूचा जोर आता कमी झालाय. आन् नवव्या दिवशी दम लागला. जंतू जात व्हता, तर मग माणूस का गेला?”

वर्ग गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. फळ्यावरचे वाक्य खोटे नव्हते, पण अपुरे होते. “पुढच्या आठवड्यात सांगतो,” एवढेच आम्ही म्हणालो. मग आम्ही ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, पुस्तके चाळली. जे कळले ते वर्गात सांगितले. तेच इथे लिहीत आहोत.

घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. पेशी म्हणजे शरीराची अगदी बारीक, जिवंत वीट. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. या पेशींपैकी काही पहाऱ्यावर असतात. त्या रक्तात फिरतात, कातडीखाली बसतात, फुफ्फुसातही असतात. रक्तात फिरणाऱ्या अशा पेशींना पांढऱ्या पेशी म्हणतात. रक्ताच्या एका थेंबात त्या लाखांनी असतात.

पहारेकरी पुष्कळ आहेत, ठीक. पण त्यांना तोंड नाही, कान नाहीत. पायाच्या अंगठ्यातल्या एकाने चोर पाहिला, तर दुसऱ्याला कसे कळणार? त्यासाठी ही पेशी आपल्या अंगातून एक सूक्ष्म द्रव्य बाहेर सोडते. ते द्रव्य शेजारच्या पेशीपर्यंत जाते, कधी रक्तातून दूरवर जाते. पेशीच्या अंगावर कुलपासारख्या जागा असतात. हे द्रव्य म्हणजे किल्ली. ज्या पेशीच्या कुलपाला ती किल्ली बसते, तिला निरोप कळतो. कोणाला निरोप मिळतो, ‘धावत या.’ कोणाला मिळतो, ‘तुमच्यासारख्या आणखी तयार करा.’ कोणाला मिळतो, ‘आता बस करा.’

या निरोपाच्या द्रव्याला सायटोकाइन म्हणतात. शब्द परका आहे. तोडून वाचा : सा-य-टो-का-इन. ‘सायटो’ म्हणजे पेशी आणि ‘काइन’ म्हणजे हलवणारे. पेशीला हलवते ते सायटोकाइन. स्टॅनले कोहेन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७४ साली हे नाव सुचवले. ही द्रव्ये एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचे नाव निराळे आहे. सगळी नावे पाठ करायची गरज नाही. आपण या द्रव्याला साधे ‘हाक’ म्हणू.

ही हाक किती थोडी पुरते, ते पाहा. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे वीसेक थेंबांत, यातली एक नावाजलेली हाक अशा चार-पाच भागांएवढीच असते. तिचे नाव इंटरल्युकिन-सहा. माणूस अत्यवस्थ झाला की तीच शेकड्यांनी, कधी हजारांनी वाढते.

आता हाकेचे काम कसे चालते ते काट्यावरून समजेल. पायात बाभळीचा काटा मोडला. काट्याबरोबर जंतू आत गेले. तिथल्या पहारेकरी पेशीने हाक दिली. हाक ऐकून जवळच्या रक्ताच्या बारीक नळ्या रुंद झाल्या. रक्त जास्त आले, म्हणून जागा लाल आणि गरम झाली. नळ्यांच्या भिंती थोड्या सैल झाल्या. त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर आल्या, म्हणून सूज आली. ठणका लागला. दोन दिवसांनी पू झाला. पू म्हणजे काय? लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि जंतू यांचा तो गाळ. लाली, सूज, ठणका, सगळे आपल्याच माणसांनी केलेले. काट्याने फक्त भोक पाडले.

तापाचेही तसेच आहे. आम्ही लहानपणापासून समजत होतो, की ताप जंतू आणतात. तसे नाही. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी हाक देतात. ती हाक रक्तातून मेंदूपर्यंत जाते. मेंदूच्या तळाशी बदामाएवढी एक जागा आहे. अंगाची ऊब किती ठेवायची, ते ती ठरवते. एरवी ती ९८ अंशांच्या आसपास ठेवते. हाक आली की ती म्हणते, आता १०२ ठेवा. अंग तर अजून ९८ वरच असते. म्हणून आपल्याला थंडी वाजते, दातावर दात आपटतात, आपण गोधडी ओढतो. थरथरून थरथरून अंग तापते आणि १०२ ला पोचते. पुढे हाक थांबली की तीच जागा म्हणते, पुन्हा ९८ वर या. मग घाम फुटतो आणि ताप उतरतो. पॅरासिटामॉलची गोळी जंतू मारीत नाही. मेंदूला पोचलेली ही हाक ती काही तास दबवते, एवढेच.

हे कोणी शोधले? १९४८ साली अमेरिकेत पॉल बीसन या डॉक्टरांनी सशाच्या पांढऱ्या पेशींतून ताप आणणारे द्रव्य काढून दाखवले. ताप घरातूनच निघतो, याचा तो पुरावा.

अंग मोडून येणे, तोंडाची चव जाणे, भाकरी नकोशी होणे, पडून राहावेसे वाटणे, हेसुद्धा त्याच हाकांचे काम. शरीर म्हणते, आज शेतावर जाऊ नको, निज. हाक साधी असेल तर दोन-चार दिवसांत काम उरकते. लस टोचल्यावर दुसऱ्या दिवशी अंग गरम होते, दंड दुखतो, तेही हेच. १६ जानेवारी २०२१ ला आपल्या देशात करोनाची लस देणे सुरू झाले. तेव्हा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस घेऊन आमच्या गावची बरीच माणसे एक रात्र कण्हली. ‘लशीनेच आजार दिला’ अशी बोलवा उठली. तो आजार नव्हता. ती कवायत होती. खरा चोर यायच्या आधी पहारेकऱ्यांना उठवून पळायला लावले होते.

मात्र ताप आपल्याच अंगाचा आहे म्हणून तो अंगावर काढू नये. हाक कशासाठी उठली ते शोधलेच पाहिजे. ते शोधायचे काम दवाखान्याचे.

विषाणूसाठी आणखी एक खास हाक आहे. विषाणू हा जंतूंमधला अतिशय लहान जीव. तो पेशीच्या आत शिरतो आणि तिथेच आपली पिल्ले काढतो. अशी पकडली गेलेली पेशी मरायच्या आधी शेजारणींना सांगते, ‘माझ्या घरात शिरला आहे. तुम्ही कड्या लावा.’ शेजारच्या पेशी खरोखरच बंदोबस्त करतात. या हाकेला इंटरफेरॉन म्हणतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी ती शोधली. इंटरफेरॉन लवकर आणि नेमके उठले, तर विषाणूचा पसारा वाढत नाही. उशिरा उठले तर तेवढ्या वेळात विषाणू घरभर होतो.

करोनाच्या साथीत एक गोष्ट सगळ्यांना बुचकळ्यात टाकीत होती. एकाच घरात दोघे भाऊ आजारी पडत. एक चार दिवसांत बरा होई, दुसरा दगावे. यामागचे एक कारण २०२० साली सापडले. ९८७ अत्यवस्थ रोग्यांचे रक्त तपासले. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात असे काही होते, की जे इंटरफेरॉनची हाक वाटेतच पकडून मोडून टाकीत होते. त्या १०१ मध्ये ९५ पुरुष होते. हाक उठली होती, पण शेजारी पोचलीच नाही. त्यांना तरी काय ठाऊक, की आपल्या रक्तात असा हाक अडवणारा बसला आहे!

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ.

आमच्या लहानपणी गावात कडब्याच्या गंजी असत. एखादी गंज पेटली की जो पाहील तो ओरडे. हंडे, घागरी, बादल्या घेऊन गाव धावे. दहा-वीस माणसे आली, पाणी ओतले, आग विझली, माणसे घरी गेली. हे चांगले. पण समजा, गंज घराला लागून आहे. घर कच्च्या विटांचे, मातीच्या भिंतींचे. एकाने हाक दिली, ती ऐकून दुसऱ्याने दिली, त्याची ऐकून चौघांनी दिली. सगळा गाव लोटला. शेजारची गावे लोटली. आग विझली तरी मागचे ओरडतच आहेत, पाणी ओततच आहेत. दाटीत कोणी कौले फोडतो, कोणी दार मोडतो. शेवटी भिंत भिजून बसते. घरमालकाला विचारा, घर आगीने गेले की पाण्याने?

फुफ्फुस हे असेच कच्च्या भिंतींचे घर आहे. ते म्हणजे हवेच्या अतिशय बारीक फुग्यांचा घोस, द्राक्षाच्या घडासारखा. प्रत्येक फुग्याला केसाहून बारीक रक्तनळ्यांचे जाळे. मधला पडदा इतका पातळ, की त्यातून प्राणवायू आपसूक रक्तात जातो. काट्याची गोष्ट आठवा. हाक आली की नळ्यांच्या भिंती सैल होतात आणि पाणी बाहेर येते. पायात पाणी आले तर पाय सुजतो, माणूस लंगडतो. फुफ्फुसात हाकांवर हाका झाल्या तर पाणी त्या हवेच्या फुग्यांत उतरते. हवा जायला जागा राहत नाही. शिवाय बारीक नळ्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात. नाकाला ऑक्सिजनची नळी असूनही माणूस गुदमरतो.

करोनात बऱ्याच जणांचे असे झाले. पहिल्या आठवड्यात विषाणूचा जोर. दुसऱ्या आठवड्यात विषाणू उतरणीला लागलेला, पण हाका चढत्या. डॉक्टरांनी याला सायटोकाइनचे वादळ म्हटले. हा शब्द सर्व शास्त्रज्ञांना पसंत नाही. त्यांतले काही म्हणतात, करोनात या हाका इतर काही आजारांइतक्या वाढत नव्हत्या. त्यांचे मोजमाप त्यांच्यापाशी. पण फुफ्फुसाची नासाडी केवळ विषाणूने केली नाही, आपल्याच शरीराच्या चळवळीने पुष्कळ केली, एवढे दोन्ही पक्षांना मान्य आहे. वहिनींच्या मालकांचा ताप उतरला आणि नवव्या दिवशी दम लागला, याचा उलगडा हा असा.

आम्ही वर्गात एवढे सांगितले. वहिनी म्हणाल्या, “म्हंजी त्यांच्याच रक्तानं त्यांचा घात केला?” आम्ही म्हणालो, “घात करायचा म्हणून नव्हे वहिनी. वाचवायलाच धावले होते. थांबायचे कोणी सांगितले नाही.”

थांबायचे सांगणाऱ्या हाकाही असतात. इंटरल्युकिन-दहा ही त्यांतली एक. निरोगी शरीरात ‘धावा’ आणि ‘थांबा’ या दोन्ही हाकांचा मेळ बसतो. वय झाले, साखरेचा आजार असला, अंगावर चरबी फार असली, की मेळ बिघडायचा संभव वाढतो. पोटावरची चरबी नुसती पडून नसते बरे का, तीही थोड्या थोड्या हाका रोज सोडत असते.

अशी गोष्ट काही पहिल्यांदा झाली नाही. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. जहाजांतून ती मुंबईला उतरली आणि तिथून देशभर पसरली. आपल्याकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी तिचे नाव मानमोडी. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून जास्त माणसे नेली. त्या साथीत वीस ते चाळीस वयाची, कर्तीसवरती माणसे फार गेली. तरण्या शरीरात हाकाटी जोराची होते, म्हणून तसे झाले असावे, असे काही शास्त्रज्ञ मानतात.

१९१८ साली डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. २०२० साली थोडे होते. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोनाचे रोगी सापडले. उन्हाळ्यात आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये यशवंतराव चव्हाण रुग्णालय भरून गेले. मग पिंपरीच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभारावे लागले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही पायी पालखी निघाली नाही. माउलींच्या पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. दिघीच्या रस्त्यावर त्या दिवसांत टाळमृदंग नाही, असे आम्ही जन्मात पाहिले नव्हते.

त्याच जून महिन्यात, १६ तारखेला, इंग्लंडमधून एक बातमी आली. डेक्सामेथासोन नावाचे जुने, स्वस्त औषध आहे. ते स्टेरॉइड जातीचे. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन गाठी असतात. त्या ‘थांबा’ म्हणणारे एक द्रव्य रोज करतात. डेक्सामेथासोन त्याचाच माणसाने केलेला जोरकस भाऊबंद. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी करोनाच्या २,१०४ रोग्यांना ते दिले आणि ४,३२१ रोग्यांना दिले नाही. मग दोन्हींची तुलना केली. जे रोगी श्वासाच्या यंत्रावर होते, त्यांचे मृत्यू या औषधाने एक-तृतीयांशाने कमी झाले. जे नुसत्या ऑक्सिजनवर होते, त्यांचे एक-पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना? त्यांना काहीही फायदा झाला नाही. उलट नुकसान होत असावे अशी शंका आली.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. सगळी गोम तिथे आहे. आग लागलेली असताना ओरडणाऱ्यांची तोंडे बंद केली, तर आग पसरेल. आग विझल्यावरही ओरड चालू असेल, तर तोंडे बंद करायलाच हवीत. औषध तेच. पहिल्या आठवड्यात घातक, दुसऱ्या आठवड्यात तारक. कोणता आठवडा कोणाचा, हे ऑक्सिजन मोजून आणि छाती तपासून ठरते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ठरत नाही.

पण २०२१ च्या उन्हाळ्यात काय झाले? एकाला लिहून दिलेली गोळ्यांची यादी मोबाइलवरून दहा घरी गेली. साधा ताप असलेल्यांनीही स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या. काहींनी बरे वाटते म्हणून महिनाभर चालू ठेवल्या. त्यांत साखरेचा आजार असलेले होते. स्टेरॉइडने साखर आणखी चढते. पहारेकरी झोपवलेले आणि रक्तात साखर मुबलक, अशा घरात बुरशी शिरली. म्युकरमायकोसिस तिचे नाव. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात सगळीकडे असते. एरवी आपल्या नाकात गेली तरी पहारेकरी तिला उभी राहू देत नाहीत. त्या वर्षी तिने महाराष्ट्रात कितीतरी लोकांचे डोळे आणि जबडे खाल्ले. करोनातून वाचलेली माणसे या बुरशीने गेली.

त्याच वेळी एका महाग इंजेक्शनसाठी लोक पुण्यापासून मुंबईपर्यंत वणवण फिरले. त्याचे नाव टोसिलिझुमॅब. वर सांगितलेल्या इंटरल्युकिन-सहा या हाकेचे कुलूप ते बंद करते. ही हाक जपानमध्ये ओसाका इथे किशिमोतो आणि हिरानो यांनी १९८६ साली नीट ओळखली. औषध मूळचे सांध्यांच्या आजारावर वापरले जाई. ऑक्सफर्डच्याच तपासणीत अत्यवस्थ रोग्यांवर ते वापरून पाहिले. ते न मिळालेल्या शंभर रोग्यांत ३५ गेले, मिळालेल्या शंभरात ३१ गेले. फायदा खरा, पण चार माणसांचा. ज्याला ते मिळाले नाही तो त्यापायीच गेला, असे म्हणता येत नाही. आमच्या ओळखीत एकाने त्यासाठी बैलजोडी विकायला काढली होती. इंजेक्शन मिळाले नाही आणि बाप गेला. ‘मी कमी पडलो’ असे तो अजून म्हणतो. त्याला आम्ही हे आकडे दोनदा समजावून सांगितले आहेत.

करोना आता घरचा पाहुणा झाला. पण दरवर्षी पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू येतो. साठलेल्या स्वच्छ पाण्यातल्या डासांनी तो पसरतो. टायरी, कुंड्या, बांधकामाची डबकी, आमच्या दिघीत याला तोटा नाही. डेंग्यूतही वहिनींच्या प्रश्नासारखीच गोष्ट घडते. म्हणून इथे थांबून वाचा.

डेंग्यूचा ताप तीन ते सात दिवसांत उतरतो. घरचे म्हणतात, सुटलो. आणि खरा धोका त्याच दिवशी सुरू होतो. कारण त्या सुमारास विषाणू आणि अंगातल्या हाका मिळून रक्तनळ्यांच्या भिंती सैल करतात. रक्तातले पाणी पोटात, छातीत झिरपते. रक्त दाट होते, नाडी बारीक होते, हातपाय गार पडतात. ताप नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. तेव्हा ताप उतरल्यावर दोन दिवस रोग्यावर डोळा ठेवा. पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, रोगी अस्वस्थ किंवा सुस्त झाला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. डेंग्यूच्या तापावर पॅरासिटामॉल चालते. अंगदुखीच्या इतर गोळ्या घेऊ नका. त्यांतल्या काहींनी रक्त वाहण्याचा धोका वाढतो.

आणखी एका जुन्या रोगाविषयी सांगितले पाहिजे. तो म्हणजे क्षय, ज्याला आपण टीबी म्हणतो. क्षयाचा जंतू फुफ्फुसात शिरला की पांढऱ्या पेशी त्याला मारू शकत नाहीत, पण त्याच्याभोवती कोंडाळे करतात. गुन्हेगाराला भिंत बांधून कोंडावे तसे. तो आत वर्षानुवर्षे जिवंत असतो, पण बाहेर येत नाही. आपल्या देशात कोट्यवधी माणसांच्या छातीत असा कोंडलेला जंतू आहे आणि त्यांना त्याचा काही त्रास नाही. या भिंतीचे गवंडी कामावर ठेवणारी एक हाक आहे. तिचे नाव टीएनएफ.

गंमत पाहा. हीच हाक जास्त झाली, तर माणूस वाळतो. १९८५ च्या सुमारास शास्त्रज्ञांना कळले, की अंग झिजवणारे म्हणून जे द्रव्य ते शोधीत होते, ते आणि टीएनएफ एकच. आपल्या लोकांनी या रोगाला क्षय, म्हणजे झीज, हे नाव फार पूर्वी दिले. झिजवणारा जंतूच आहे असे वाटे. त्यात आपल्या हाकेचाही हात निघाला.

आता आमवात घ्या. हा विशेषकरून बायकांना होतो. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली, मूठ वळत नाही, पीठ मळवत नाही. यात सांध्यांत जंतू नसतो. चोर नसताना हाकाटी चालू असते, आणि तिच्यात सांध्यांची हाडे झिजतात. इथेही टीएनएफच जोरात असतो. १९९२ साली लंडनमधल्या एका रुग्णालयात मैनी आणि फेल्डमान या डॉक्टरांनी ही हाक अडवणारे औषध प्रथम आमवाताच्या २० रोग्यांना दिले. वर्षानुवर्षे आखडलेली बोटे वळू लागली. पुढे हे औषध जगभर पसरले. मग २००१ साली बातमी आली, की ते घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाला. हाक अडवली, गवंडी गेले, भिंत ढासळली, कोंडलेला जंतू बाहेर पडला. तेव्हापासून हे औषध सुरू करायच्या आधी क्षयाची तपासणी करतात. तुमच्या घरी कोणाला अशी सुई सुरू होणार असेल, तर घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता का, हे न लाजता सांगा.

सांधेदुखीवर बाजारात बिननावाच्या पुड्या मिळतात. घेतल्या की दुसऱ्या दिवशी बाई पळू लागते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. गुण येतो तो खरा, कारण हाका दबतात. पण तोंड सुजते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि पहारेकरी झोपतात. बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंद केले तरीही जीव धोक्यात येतो, कारण त्या दोन गाठी आपले रोजचे काम विसरलेल्या असतात. कोणी अशी पुडी घेत असेल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या सांगण्याने हळूहळू सोडावी.

हे सगळे आम्ही वर्गात दोन संध्याकाळी सांगितले. तिसऱ्या दिवशी वहिनी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. तीत मालकांच्या दवाखान्याचे कागद होते. इतके दिवस ते पत्र्याच्या पेटीत तळाशी होते. त्यांनी कागद आमच्यापुढे ठेवले. एका तपासणीचे नाव सगळ्या कागदांवर होते, सीआरपी. इंटरल्युकिन-सहाची हाक यकृताला पोचली की यकृत हे द्रव्य रक्तात सोडते. म्हणून हे द्रव्य मोजले की हाका किती चालू आहेत ते कळते. निरोगी माणसाचा आकडा साधारण दहाच्या आत असतो.

अक्षरे इंग्रजी होती, ती आम्ही वाचून दाखवली. तारखा आणि आकडे वहिनींनी स्वतः वाचले. बोट ठेवून, एकेक. पहिल्या कागदावर आकडा थोडा होता. दुसऱ्यावर वाढला. तिसऱ्यावर त्याला तीन आकडी अंक लागला होता. त्या तारखेवर वहिनींनी बोट तसेच ठेवले.

“ह्या दिशी ताप नव्हता,” त्या म्हणाल्या. “ह्या दिशी त्यांनी फोनवर जेवण मागितलं व्हतं.”